प्रीकन्सेप्शन चेकअप पॅकेज रिव्ह्यू: तपासण्या बऱ्या, पण त्या लाल डायलचं काय करायचं

५ पैकी ३ स्टार. त्यातले दोन काउन्सेलर मॅडमचे आणि एक सोनोग्राफीवाल्या डॉक्टर बाईंचा. रिपोर्ट ज्याने कोणी डिझाइन केलाय त्याला शून्य, आणि नंतर फोन करणाऱ्या टीमला मायनसमध्ये देता आले असते तर दिले असते.

क्लिनिकचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण दिवस राहायच्या आधी करायच्या तपासण्यांची असली पॅकेजेस आता सगळीकडेच मिळतात आणि थोड्याफार फरकाने सारखीच असतात, कोणी फर्टिलिटी स्कोअर म्हणतं, कोणी कपल हेल्थ, कोणी अजून काही. आत काय असतं तर बाईच्या रक्ताच्या तपासण्या (एएमएच, थायरॉइडचा टीएसएच, हिमोग्लोबिन, शुगर, रुबेला, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे कॅरिअर आहात का ती आणि इन्फेक्शनच्या काही), एक सोनोग्राफी, पुरुषाचं सिमेन अॅनालिसिस (वीर्याची तपासणी), आणि शेवटी डॉक्टर आणि काउन्सेलरची भेट. ज्यांचं अजून ठरलंच नाहीये किंवा जे "बघू दोनेक वर्षांनी" करत बसलेत त्यांच्यासाठी हे आहे असं जाहिरातीत होतं, आम्ही बरोब्बर त्यातलेच. मी तिशी ओलांडलेली, नवरा माझ्याहून थोडा मोठा, घाई दोघांनाही नाही, पण निदान आपण नक्की कुठे आहोत ते तरी कळू दे म्हणून गेलो.

सुरुवात फॉर्मपासून. माझा फॉर्म सहा पानी. पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, दुखतं का, किती दुखतं, गोळ्या घेता का, कुठल्या, आधी कधी दिवस गेले होते का, पडलं होतं का, आईची पाळी कितव्या वर्षी गेली, वजन, झोप, टेन्शन, सगळं. (आईची पाळी कधी गेली हा प्रश्न फालतू नाहीये बरं का, लवकर जाण्याचा कल घराण्यात चालत येऊ शकतो.) आणि नवऱ्याचा फॉर्म? अर्धं पान. नाव, वय, व्यसन आहे/नाही, ऑपरेशन झालंय/नाही, सही. मी भरत बसले तोवर हा मोबाईलवर मॅच बघून मोकळा.

आता ज्या जोडप्यांना मूल राहायला त्रास होतो त्यातल्या साधारण निम्म्या केसेसमध्ये पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. हे सगळ्या डॉक्टरांना माहितीये. मग त्याचा फॉर्म अर्ध्या पानाचा का? त्याला कोणी विचारलं नाही की जिममध्ये कसली इंजेक्शनं घेतोस का, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं शुक्राणू बनवणं कमी करतं, कधीकधी पार बंदच करतं, आणि कित्येक मुलं तर ते ताकदीचं म्हणून घेतात. मोठेपणी गालगुंड झाले होते का, अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का, रोज गरम पाण्याच्या टबात किंवा भट्टीसारख्या उष्णतेत काम आहे का, काहीच नाही. आणि आमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न राहिला तो म्हणजे हल्ली ताप येऊन गेला का. आला होता, चांगला सणसणून, महिन्याभरापूर्वीच.

सिमेन टेस्टचा किस्सा तर ऐकाच. टेस्टच्या आधी २ ते ७ दिवस गॅप (म्हणजे तेवढे दिवस वीर्य बाहेर पडायला नको) लागतो, हे बुकिंगच्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं, काउंटरवर गेल्यावर सिस्टरनी सगळ्या वेटिंग एरियाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं "सर, गॅप किती दिवसांचा?" याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गॅप बसत नव्हता, परत यावं लागलं. दुसऱ्यांदा गेलो तर ती जी रूम असते तिची कडी नीट लागत नव्हती, आत एक रेक्झिनची खुर्ची, भिंतीवर गोंडस बाळाचं पोस्टर (कोणाच्या डोक्यातून निघालं हे!), आणि मध्येच कोणीतरी दार वाजवून गेलं. सॅम्पल घरी घेऊन तासाभरात, फार थंड-गरम न होऊ देता आणून दिलं तरी चालतं हे आम्हाला तिथून बाहेर पडताना कळलं. वा.

रिपोर्ट आला तो अॅपवर. अॅप कंपल्सरी, त्यात पाळीच्या तारखा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, हे मला अजिबात आवडलं नाही, माझ्या पाळीच्या तारखांचा आणि माझ्या थायरॉइडच्या रिपोर्टचा काय संबंध ते कोणी सांगावं. असो. तर पहिल्याच पानावर मोठ्ठा अर्धगोल डायल, डावीकडे लाल, मध्ये पिवळा, उजवीकडे हिरवा, आणि माझा काटा लाल आणि पिवळ्याच्या सीमेवर. खाली ठळक अक्षरात "तुमचं ओव्हेरियन वय: ४१". नवऱ्याच्या पानावर शुक्राणूंच्या काउंटच्या पुढे लाल बाण. ११ मिलियन पर मिली, नॉर्मल १६. बस्स. एक ओळ स्पष्टीकरण नाही. रात्री साडेदहाला हे असं नोटिफिकेशन येतं आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात. मधले दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फार गोड वागत होतो, त्यावरून समजून घ्या.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन. "मॅडम, तुमचा स्कोअर लो साइडला आलाय, एग फ्रीझिंगचा, म्हणजे स्त्रीबीजं गोठवून ठेवायचा, विचार केलाय का, या महिन्यात स्लॉट आहेत." डॉक्टरांनी रिपोर्ट बघितलासुद्धा नव्हता तेव्हा! मी म्हटलं आधी डॉक्टरांशी बोलते, तर म्हणे "हो हो बोला ना, पण मॅडम उशीर नका करू, एग्ज रोज कमी होतायत." अरे बाबा, माझे काय, जन्माला आल्यापासून प्रत्येकीचे रोज कमी होतायत.

ते नंतर डॉक्टर बाईंनी नीट समजावलं, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या पॅकेजमधला हा भाग पैसे वसूल होता. मुलगी आईच्या पोटात साधारण ५ महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात ६०-७० लाख स्त्रीबीजं असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ५ लाख, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००. बाकीची आपोआप विरून जातात, तुम्ही गोळ्या घ्या, घेऊ नका, मूल होऊ द्या, होऊ देऊ नका. एएमएच हे हार्मोन अंडाशयातल्या छोट्या छोट्या फॉलिकल्समधून (बीजाच्या पिशव्यांमधून) येतं, म्हणून त्यावरून किती साठा उरलाय याचा अंदाज येतो. साठ्याचा. दर्जाचा नाही. पुस्तकाची किती पानं उरलीत ते कळतं, गोष्ट कशी आहे ते कळत नाही. महिन्याला नैसर्गिकरीत्या बाहेर यायला लागतं एकच बीज, मग साठा थोडा कमी असला तरी त्या महिन्याच्या चान्सवर तसा फरक पडेलच असं नाही.

हे नुसतं डॉक्टर बाई म्हणतात म्हणून नाही. २०१७ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाचा त्रास नसलेल्या सुमारे ७५० बायका, ज्या नुकत्याच चान्स घ्यायला लागल्या होत्या. एएमएच कमी असलेल्यांना आणि नॉर्मल असलेल्यांना दिवस राहण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरळ सांगितलं की ज्या बाईला वंध्यत्वाचा त्रास नाही तिला एएमएचच्या आकड्यावरून "तुला मूल होईल की नाही, कधीपर्यंत होईल" असं सांगू नका. आयव्हीएफ करायचं असेल, इंजेक्शनला अंडाशय किती रिस्पॉन्स देईल ते बघायचं असेल, तिथे हा आकडा उपयोगी. म्हणजे टेस्ट वाईट नाही, टेस्ट चुकीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून विकली जातेय. "ओव्हेरियन वय ४१" हे वाक्य छापणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

शिवाय मी गर्भनिरोधक गोळ्यांवर होते. गोळ्या चालू असताना एएमएच कमी दाखवतो, बंद केल्यावर काही महिन्यांत परत वर येतो. माझ्या सहा पानी फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मी गोळीचं नाव, कधीपासून घेतेय ते सगळं लिहिलं होतं. ते डायलपर्यंत पोचलंच नाही.

आणि उलटंही बघा. माझ्या एका मैत्रिणीने असलंच पॅकेज दुसरीकडे केलं, तिचा डायल हिरवागार, एएमएच भरपूर, ती खूश. हिला पाळी दोन-दोन तीन-तीन महिने येत नाही! पीसीओएसमध्ये (हार्मोन्स बिघडून पाळी चुकते तो त्रास) छोट्या फॉलिकल्सची गर्दी असते म्हणून एएमएच उलट जास्त येतो, पण बीज वेळेवर बाहेरच पडत नाही तर उपयोग काय. डब्ल्यूएचओच्या मते प्रजननवयातल्या १० ते १३ टक्के बायकांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या बहुतेकींना निदानच झालेलं नसतं. म्हणजे डायलवर हिरवा येऊन घरी गेलेल्या अशा किती असतील. तिच्यासाठी खरी खूण काय होती तर चुकणारी पाळी, जी फुकटात कळते, कॅलेंडर असलं की झालं. (पीसीओएस म्हणजे मूल होणारच नाही असं अजिबात नाही हां, गोळ्यांनी बीज बाहेर काढता येतं, बऱ्याच जणींचं होतं. पण आधी कळायला तर हवं.)

सोनोग्राफीबद्दल. आतून करतात, प्रोब घालून. डॉक्टरांनी आधी सगळं दाखवलं, काय करणार, किती वेळ लागेल, दुखलं तर थांब म्हण मी लगेच थांबेन, आणि खरंच एकदा थांबल्या. स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि "हे बघ, हे काळे गोल दिसतायत ना, हे फॉलिकल्स, मोजूया" म्हणून माझ्यासोबत मोजले, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मग प्रोब तसाच ठेवून सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाळीत सुट्टी घ्यावी लागते का गं?" मी म्हटलं पहिल्या दिवशी घेते कधीकधी, सगळ्यांनाच दुखतं ना. त्या म्हणाल्या सगळ्यांना सुट्टी घेण्याइतकं नाही दुखत. आणि मग दहा मिनिटं एंडोमेट्रिओसिसवर बोलल्या, की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा टिश्यू बाहेर वाढतो, जगात साधारण १० टक्के बायकांना असतो म्हणजे १९ कोटींच्या आसपास, "बाईला दुखायचंच" या समजुतीपायी निदानाला वर्षानुवर्षं लागतात, आणि साध्या सोनोग्राफीत तो दरवेळी दिसतोच असं नाही, त्यामुळे इथे काही दिसलं नाही म्हणून तू क्लीअर असं मी म्हणणार नाही, दुखणं वाढलं, संबंधांच्या वेळी किंवा शी-शूच्या वेळी दुखायला लागलं तर ये. हे एका मिनिटात "नॉर्मल स्टडी" लिहून मोकळं होण्यापेक्षा किती वेगळं आहे. तो एक स्टार यांचा. फॉर्ममध्ये "दुखतं का" या प्रश्नाला मी "थोडं" वर टिक केलं होतं, सगळ्याच करतात.

नवऱ्याचा लाल बाणही यांनीच उतरवला. एकतर शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज जो काउंट दिसतो तो गेल्या अडीच महिन्यांचा हिशोब असतो, मध्ये जोरदार ताप आला तर तो त्यात दिसणारच. तीन महिन्यांनी परत करा. आणि दुसरं म्हणजे तो १६ मिलियनचा आकडा. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमधला आहे तो, आणि तो ठरवलाय कसा, तर ज्यांच्या बायकोला वर्षाच्या आत दिवस गेले अशा बाप झालेल्या पुरुषांचे काउंट घेतले आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची रेषा म्हणजे १६. म्हणजे त्या रेषेखाली असलेले काही पुरुषसुद्धा बाप झालेलेच आहेत! रेषेच्या खाली म्हणजे संपलं असं नाही आणि वर म्हणजे गॅरंटी असंही नाही. शुक्राणूंचा "नॉर्मल शेप फक्त ४ टक्के" वाचून घाबरलेल्यांसाठी पण सांगते, ४ टक्के ही पास होण्याचीच रेषा आहे, बाकीचे ९६ टक्के वेडेवाकडे असणं हे चालतं. हे दोन वाक्यांत रिपोर्टवर छापता आलं असतं की नाही? आमचा आठवडा वाचला असता.

वयाबद्दल मात्र त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. मी आशेने विचारलं की मग वयाचं काय ते पण असंच आहे का, तर म्हणाल्या नाही, वय खरं आहे. तिशीत दर महिन्याला दिवस राहायचा चान्स साधारण २० टक्के, चाळिशीला ५ च्या आसपास येतो. बीजाचा दर्जा म्हणजे त्यातल्या क्रोमोसोम्सची वाटणी, ती वयाने बिघडते, म्हणून गर्भ पडण्याचं प्रमाण वाढतं, डाऊन सिंड्रोमचं पण, २५ व्या वर्षी साडेबाराशेत एक, ३५ ला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण पस्तिसाव्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता काही होत नाही, हळूहळू उतरत जातं आणि मग सदतीस-अडतीसनंतर उतार जास्त. तुझं वय काय आहे ते तुला माहितीये, त्यासाठी टेस्टची गरज नाही, असं हसून म्हणाल्या. पुरुषांनाही वय लागतं, फक्त उशिरा आणि हळू, त्यामुळे "पुरुषाचं काय कधीही" हे पण पूर्ण खरं नाही.

एग फ्रीझिंगचं विचारलंच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने त्यावरचा "प्रायोगिक" शिक्का काढला, तेव्हापासून ते वाढलंय. केमोथेरपी घ्यायला लागणार असलेल्या मुलींसाठी वरदानच आहे म्हणाल्या. बाकीच्यांसाठी, लवकर गोठवली तर बीजं चांगली असतात पण लवकर गोठवणाऱ्या बऱ्याच जणींना पुढे त्यांची गरजच पडत नाही, आणि उशिरा गोठवली तर गरज असते पण बीजं तितकी चांगली नसतात, आणि कशीही गोठवली तरी मूल होईलच ही हमी कोणी देऊ शकत नाही. ज्याला करायचंय त्याने हे ऐकून करावं. फोनवरच्या ताईंनी यातलं एक वाक्य सांगितलं नव्हतं.

बाकी तपासण्या पटापट. टीएसएच करणं योग्य, थायरॉइड बिघडलेलं असेल तर पाळी, बीज, गर्भ सगळ्यावर परिणाम, आणि गोळीने आटोक्यात येतं. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस आधी घ्यायची, ती जिवंत विषाणूची असते म्हणून नंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, हे आधी कळलं तरच उपयोग. थॅलेसेमिया दोघांनी करा, एकच कॅरिअर असेल तर बाळाला आजार होत नाही, दोघं असाल तर प्रत्येक वेळी २५ टक्के शक्यता. आमच्याकडे आधी फक्त माझीच केली होती! मी निगेटिव्ह म्हणून प्रश्न नव्हता, पण मग मी पॉझिटिव्ह आले असते तर ह्याच्यासाठी अजून एक चक्कर.

क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या इन्फेक्शनच्या टेस्टवरून बाजूच्या जोडप्याचं काउंटरवर वाजलं, "आमची कशाला करताय, आम्ही तसले नाही." तसले-बिसले काही नसतं हो. ते इन्फेक्शन बहुतेक वेळा लक्षणंच दाखवत नाही, कित्येक वर्षांपूर्वी झालेलं असू शकतं, आणि गुपचूप ट्यूब्ज (गर्भनलिका) चिकटवून ठेवतं. सापडलं तर अँटिबायोटिकने जातं, न सापडलं तर मग ट्यूब्जची भानगड. करून टाका, चेहरा पाडू नका. पण सापडून बरं झालं तरी आधीच झालेलं ट्यूब्जचं नुकसान त्या गोळ्यांनी भरून येत नाही, आणि ट्यूब्ज मोकळ्या आहेत का हे या पॅकेजमधल्या कुठल्याच टेस्टने कळत नाही, त्याला एचएसजी नावाचा वेगळा एक्सरे लागतो. "कम्प्लीट" चेकअप म्हणून विकताना हे लहान अक्षरात तरी लिहा.

फॉलिक अॅसिड. हे मी वेगळं लिहितेय कारण पॅकेजमध्ये ते एका पॅम्फ्लेटच्या मागच्या बाजूला होतं आणि हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान एक महिना आधीपासून ते पहिले तीन महिने. आधीपासून का, तर बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, तेव्हा कित्येक जणींना आपली पाळी चुकलीये हेच जेमतेम कळलेलं असतं. साधी गोळी. डायल नाही, अॅप नाही, म्हणून बहुतेक मागच्या बाजूला. तसंच औषधांचं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, बीपीच्या काही गोळ्या, ही गर्भाला धोक्याची आहेत, पण मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना सांगून आधीच बदलून घ्यायची. आणि सिगरेट, बाईने ओढली तर पाळी काही वर्षं लवकर जाऊ शकते, पुरुषाने ओढली तर शुक्राणूंची वाट. फॉर्ममध्ये त्याला फक्त एक चौकोन होता, आहे/नाही.

आता काउन्सेलर मॅडम. मला वाटलं होतं की समजूत घालायला ठेवलेल्या असतील. त्यांनी दोघांना एकेक कागद दिला, वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं आणि बोलायचं नाही म्हणाल्या. प्रश्न साधेच. मूल हवंय का. कधी. का. नाही झालं तर काय. झालं तर कोण काम कमी करणार. तुम्हाला थांबवतंय ते काय. कोणाच्या सांगण्यावरून आलाय का. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"थांबवतंय ते काय" मध्ये मी लिहिलं होतं पैसे आणि नोकरी, ह्याने लिहिलं होतं "मी चांगला बाप होईन का माहीत नाही." इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. "कोण काम कमी करणार" मध्ये ह्याने लिहिलं "ठरवू" आणि मी लिहिलं होतं "मीच, विचारणार कोण." मॅडमनी दोन्ही उत्तरांवर फक्त पेन ठेवलं आणि काहीच बोलल्या नाहीत, बोलायचं काम आमच्यावर सोडलं. आम्ही बोललो, थोडं भांडलोही. तिथल्या तिथे.

त्या म्हणाल्या की लोक इथे येऊन विचारतात माझं शरीर तयार आहे का, आणि बहुतेकांचं अडलेलं असतं दुसरीकडेच. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५ मध्ये १४ देशांतल्या लोकांना विचारलं होतं की हवी तितकी मुलं न होण्याचं कारण काय, तर ३९ टक्के लोकांनी पैशाची अडचण सांगितली, शरीराच्या अडचणी सांगणारे त्याच्या बरेच खाली. नोकरीची खात्री, घर, जोडीदार कामात हात लावेल का, जगाचं पुढे काय होणार, हे सगळं त्या यादीत. यासाठी रक्ततपासणी नसते. आणि किती मुलं, कधी, किती अंतराने हे ठरवायचा हक्क त्या दोघांचा, हे १९९४ च्या कैरो परिषदेत इतक्या देशांनी मान्य केलंय, तरी पण घरात सगळ्यात जास्त मतं बाकीच्यांचीच असतात, हे माझं वाक्य, त्यांचं नाही.

शेवटी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून मला विचारलं, "तुमच्यावर कोणी जबरदस्ती करतंय का? मूल हवं म्हणून किंवा नको म्हणून? गोळ्या लपवणं, टाकून देणं असलं काही?" माझ्या बाबतीत नव्हतं. पण हा प्रश्न एकटीला, दार लावून विचारायची पद्धत ठेवलीये हे बघून मी त्यांना मनातल्या मनात दोन स्टार देऊन टाकले. नंतर मला बाहेर बसवून ह्यालाही एकट्याला विचारलं. एवढं करून त्यांना वेळ किती दिलाय तर वीस मिनिटं, बाहेर पुढचं जोडपं उभं. आमच्या वेळेला त्यांनी चाळीस केली आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली असतील.

आमचं ठरलं काय ते विचारू नका, ते इथे लिहिणार नाही.

कोणी घ्यावं, तर अजून चान्स घेत नाहीये पण माहिती हवीये, दोघंही यायला तयार आहात, आणि रिपोर्टचा डायल डॉक्टरांना भेटेपर्यंत न उघडण्याइतका संयम आहे. ज्यांची पाळी अनियमित आहे किंवा फार दुखतं त्यांनी पॅकेजच्या नादी न लागता सरळ स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. आणि जे आधीच चान्स घेतायत त्यांनी तर हे घेऊच नका, तुमचं वय ३५ च्या आत असेल आणि वर्षभर नियमित प्रयत्न करून राहिलं नसेल, किंवा ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले असतील, चाळीस झाली असेल तर वाट न बघताच, दोघांनी मिळून डॉक्टरकडे जा. जगात दर सहापैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हे भोगावं लागतं असं डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये सांगितलंय, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही. एक पोर झालंय आणि दुसऱ्याचं बघताय त्यांच्यासाठी यात खास काही नाही, दोन वर्षांचं अंतर ठेवून मग प्रयत्न करा हा सल्ला फुकट मिळतो.

बुकिंग करताना चार गोष्टी विचारून घ्या: सिमेन टेस्ट पहिल्याच दिवशी होणार का आणि त्याचा गॅप किती, थॅलेसेमिया दोघांची आहे का, काउन्सेलरची वेळ वाढवून मिळेल का, आणि रिपीट टेस्ट पॅकेजमध्ये धरलीये का. आमच्यात धरलेली नव्हती. माझा एएमएच गोळ्यांमुळे खाली, ह्याचा काउंट तापामुळे खाली, दोन्ही परत करा असं त्यांचेच डॉक्टर म्हणतात आणि काउंटरवर सांगतात नवीन पॅकेज घ्यावं लागेल. नाही घेतलं. ह्याची सिमेन टेस्ट तीन महिन्यांनी एका साध्या लॅबमध्ये सुटी करून घेतली, काउंट २८ आला, आणि एएमएच मी परत केलाच नाही.